टाकळा आणि कासविंद्याचं बी एकत्र झालंय, कसं निवडू?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते. जाणकारांची, त्यातही कोकणातल्या मंडळींची मदत हवी आहे.

आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यात टाकळा माजतो. इकडे त्याला पुवाड म्हणतात, गुरंही सहसा तोंड लावत नाहीत. पण सासूबाई चिपळूणच्या! पहिल्या पावसानंतर रोपं वीतभर झाली की कोवळा पाला खुडून आणतात. कांदा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वरून ओलं खोबरं. खुडताना हाताला येणारा तो उग्र वास भाजीत अजिबात राहत नाही.

यंदा दिवाळीनंतर त्यांनी शेंगा वाळवून बी काढलं. भाजून, कुटून त्याची कॉफी त्यांच्या माहेरी करायचे. पण त्याच प्लॉटवर कासविंदाही आहे, कमरेएवढं झुडूप, फुलं तशीच पिवळी. आणि दोन्हींच्या शेंगा एकाच सुपात पडल्या.

झाड उभं असेल तर मी चुकत नाही. टाकळ्याच्या एका डहाळीला पानांच्या तीन जोड्या, टोकाशी गोल, अंधार पडला की मिटणाऱ्या; शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याच्या चार-पाच जोड्या, पान टोकदार, शेंग चपटी. सुट्या बियांचं मात्र कठीण. टाकळ्याचं बी मेथीसारखं, दोन्हीकडून तिरपं कापल्यागत आणि चकचकीत. कासविंद्याचं चपटं, गोलसर, मळकट. पण अर्धवट भरलेल्या शेंगांतलं सुरकुतलेलं बी दोन्हीकडचं सारखंच दिसतं.

कासविंद्याच्या भाजलेल्या बियांचीही कॉफी करतात, खोकल्यावर तो जुना उपाय आहे म्हणूनच संस्कृतात त्याला कासमर्द म्हणतात, हे सगळं मला ठाऊक आहे. पण पश्चिम उत्तर प्रदेशात, बिजनौरकडे, लहान मुलं याच्या बिया खाऊन यकृत, स्नायू आणि मेंदूवर परिणाम होऊन दगावल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. माझा मुलगा चार वर्षांचा. परवा सुपाजवळ खेळत होता, मूठ उघडली तर आत पाच बिया. तोंडात बोट घालून बघितलं, काही नव्हतं. रात्रभर मला झोप नाही.

सासूबाई म्हणतात, भाजलं की दोष जातो. त्यांच्या अनुभवाचा मला मान आहे, पण त्या भरवशावर पोराला त्या डब्याजवळ जाऊ देणार नाही.

तर, असं मिसळलेलं बी कुणी निवडलंय का? चाळणीने जमतं का? की सगळं टाकून पुढच्या वर्षी फक्त टाकळ्याच्या शेंगा वेगळ्या तोडू? आणि यांच्या पाठीवर नायटा आहे. टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून लावतात, त्याचं संस्कृत नावच दद्रुघ्न, म्हणजे नायटा घालवणारा. कुणी लावलंय का, आग किती होते?

फोटो टाकते आहे. मधल्या वाटीत शंकेचं बी आहे, तेवढं नीट बघा. बाकी डबा कपाटात, कुलपात ठेवलाय.