लेकीचे बाळंतपण लीड्सला: आजीने काय न्यावे, काय इथेच ठेवावे?

मिरजेची आजी:
माझ्या लेकीचे पहिलेच बाळंतपण इंग्लंडमध्ये, लीड्सला होणार असून त्यासाठी मी ऑक्टोबरअखेर तिकडे जात आहे. बाळगुटी, सहाण, मोहरीची उशी, टोपडी, डिंक अशी सगळी तयारी झाली होती. परंतु तिथल्या सुईणीशी बोलून लेकीने फोनवर सांगितले की गुटी नको, मध नको, काजळ नको, धुरी नको आणि घरात बाळाला टोपडेसुद्धा घालायचे नाही. थंडीच्या देशात तान्ह्या बाळाचे डोके उघडे ठेवायचे, हे काही माझ्या पचनी पडत नाही. मला वाद घालायचा नाही. मात्र प्रत्येक गोष्टीला नकारच असेल, तर मी तिथे जाऊन करायचे काय, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

बर्मिंगहॅमकर:
काकू, थंडी बाहेर असते. घरे हीटरने उबदार असतात. बाळाच्या खोलीचे तापमान १६ ते २० अंश सेल्सिअस असावे, असे इथे सांगतात. तान्हे बाळ अंगातली जादा उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर टाकते, त्यामुळे घरात डोके झाकले तर ते अति तापण्याचा धोका असतो. बाहेर नेताना टोपडे जरूर घाला आणि आत आल्याबरोबर काढा. झोपेच्या बाबतीत हे लोक इतके काटेकोर आहेत, त्याला कारण आहे: बाळाला पाठीवरच झोपवा, ही मोहीम इथे १९९१ साली सुरू झाली आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण झपाट्याने घटले. म्हणून अंथरुणात उशी, गोधडी, मऊ खेळणी असे काहीच ठेवू देत नाहीत. तेव्हा मोहरीची उशी मिरजेलाच राहू द्या. हेल्थ व्हिजिटर (बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणारी सरकारी आरोग्यसेवेतली परिचारिका) घरी येते आणि बाळ कुठे, कसे झोपते याची चौकशी करते. त्या वेळी लेकीला बोलू द्यावे आणि आपण चहा टाकावा.

बालरोगतज्ज्ञ, पुणे:
हे गोऱ्यांचे नियम आहेत, असा समज प्रथम काढून टाकावा. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, हे आपल्याकडच्या सरकारी माता-बाल संरक्षण कार्डावरही छापलेले असते. मिरजेत सून बाळंत झाली असती, तरी मी हेच सांगितले असते. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात, म्हणून जन्मल्याबरोबर मधाचे बोट चाटवण्याची प्रथा सोडलेलीच बरी. गुटीत कशाचे किती वेढे द्यायचे, हे घरोघरी वेगळे असल्याने पोटात नेमके किती गेले, ते कोणालाच सांगता येत नाही. बाजारच्या अनेक काजळांत शिसे आढळले आहे. अंगावर दूध पिणाऱ्या बाळाला तिकडे व्हिटॅमिन डीचे थेंब रोज देतात, तेव्हा ‘आमची गुटी नको आणि यांचे थेंब चालतात’ असे मनात येईल. परंतु थेंबांची मात्रा ८.५ ते १० मायक्रोग्रॅम अशी ठरलेली असते आणि आईच्या दुधात हे जीवनसत्त्व पुरेसे नसते. मालिश हलक्या हाताने खुशाल करा. फक्त कानानाकात तेल सोडू नका.

लेस्टरहून परतलेली आजी:
ताई, नकारांची यादी बाळापुरतीच आहे, बाळंतिणीचा ताबा पूर्णपणे तुमच्याकडे आहे. तिकडे नॉर्मल बाळंतपण झाले की पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी घरी पाठवतात आणि मुलगी जिना चढून येऊन स्वतःच टोस्ट भाजायला लागते. तिला वेळेवर गरम जेवण, रात्री बाळाचे लंगोट बदलायला दुसरा हात आणि दुपारची झोप मिळवून देणे, हे काम तिथली कोणतीही नर्स करत नाही. डिंक, सुंठ, खारकेची पूड न्या, पण तूप नेऊ नका. भारतातून दूधदुभते नेण्यास तिथे मनाई आहे आणि तूप भारतीय दुकानांत सहज मिळते. लाडू तिथेच वळा. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम मात्र मी धरला नाही, कारण बाळंतपणानंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून लवकर चालायला सांगतात. तरी सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टर तिची तपासणी करतात, म्हणजे सव्वा महिन्याची ओली बाळंतीण तेही मानतातच. धुरीचा विचारच करू नका. आमच्या लसणाच्या फोडणीलासुद्धा धुराचा अलार्म ठणाणा करत असे.

मिरजेची आजी:
सर्वांचे आभार. सहाण, गुटी आणि उशी बॅगेतून काढली आहे, त्या जागी डिंक वाढवला. जावईबापूंना लाडू वळायला बसवले तर चालेल ना, एवढे लेकीला विचारून ठेवते.