नाक्यावरचा वाणी: तुमचे अनुभव सांगा

दहा मिनिटांत सामान दारात येण्याच्या या दिवसांतही आमच्या दादरच्या गल्लीतलं किराणा दुकान संध्याकाळी तुडुंब असतं. तुम्ही अजून वाण्याकडे का जाता, ते लिहा. माझं कारण साधं आहे. तेल तापल्यावर मोहरीचा डबा रिकामा निघाला, तर गॅस बारीक करून लेकाला पिटाळता येतं. पैसे मागाहून.

गिरगाव
आजी तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, आत चिठ्ठी नि पैसे. शेठ कच्छी, पण वाद फर्मास मराठीत घालायचे. "आजी, या खेपेची वरी नका घेऊ, साबुदाणा देतो." आणि ती पुडी! कागदाचा कोन वळायचा, जिरं ओतायचं, टोक आत खोचायचं, छताला टांगलेल्या रिळाचा दोरा दोन वेढे देऊन बोटाच्या हिसक्याने तोडायचा. कात्रीशिवाय तो दोरा मला अजून तुटत नाही.

डोंबिवली
नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजाराच्या नोटा बाद झालेल्या, हातात दोन हजारांची एकच नवी नोट आणि ती मोडून द्यायला कुणी तयार नाही. आमच्या दुकानदाराने नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. वही काढली, लिहिलं, म्हणाला, "पुढच्याला."

पुणे
मी जरा उलट बोलते. सॅनिटरी पॅड मागितले की दुकानातली चार डोकी वळणार. मग काका ते पेपरात गुंडाळणार, वर काळी पिशवी. आणि नेमकं तेव्हाच मोठ्याने, "ताई, आईंना सांगा, मागचे राहिलेत." पॅड मी ॲपवरूनच मागवते. नारळ मात्र काकांकडचाच. कानाशी हलवून निवडून देतात, नासका निघाला तर बदलूनही देतात.

ठाणे
सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवायची पद्धत यूपीआयने मोडली. आमची पोरं नाराज आहेत.

ब्रुकलिन, न्यूयॉर्क
आमचा वाणी म्हणजे कोपऱ्यावरचा बोडेगा, इथलं छोटं किराणा दुकान. रात्री दोनला उघडा, बिस्किटांच्या फळीवर मांजर, मागाल तेव्हा गरम रोलमध्ये अंडं-चीज. मालक येमेनी. २ फेब्रुवारी २०१७ ला, येमेनसकट काही देशांच्या लोकांना अमेरिकेत येऊ न देणाऱ्या ट्रम्पच्या प्रवासबंदीच्या निषेधात, शहरभरच्या येमेनी लोकांनी हजाराच्या आसपास दुकानं दुपारपासून बंद ठेवली. त्याला शटर आहे हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मी निषेधाचं विचारायला गेलो, तर त्यानेच आधी विचारलं, काल जेवलास कुठे?

परळ
घराची जादा किल्ली आम्ही दुकानात ठेवतो. शेजारी गावाला जातात, दुकान कुठे जात नाही. मे महिन्यात तेवढे शेठ कच्छला जातात आणि गल्ल्यावर पुतण्या बसतो. त्याला कुठली किल्ली कुणाची ते ठाऊक नसतं. सगळा जुडगाच पुढे सरकवतो, "बघा काकी, तुमची लागते का."