द्विदल राज्यपद्धती: धूळफेक की अर्धवट यंत्र?

जुनी दप्तरं: १९१९ च्या कायद्याने ब्रिटिश प्रांतांत खात्यांचे दोन भाग केले, तीच द्विदल पद्धती: 'सोपीव' खाती कौन्सिलला, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळाला, जबाबदार मंत्र्यांकडे; 'राखीव' खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. कालच्या चर्चेत एकाने लिहिलं, '१९१९ चा कायदा ही निव्वळ धूळफेक, सोपीव खात्यांचे मंत्री म्हणजे बाहुली.' परीक्षेला चालेल हे वाक्य. पण यंत्र अडत कुठे होतं? शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, अबकारी (दारूवरचा कर) मंत्र्यांकडे. शेतसारा, पोलीस, पाटबंधारे आणि अर्थखातं राखीव. तिजोरी एकच. मंत्र्याची प्रत्येक नवी योजना आधी अर्थखात्याच्या टेबलावर. कौन्सिलने राखीव खात्याची मागणी कापली तर गव्हर्नर ती 'आवश्यक' ठरवून परत घालू शके. खात्याचा सचिव मंत्र्याला डावलून थेट गव्हर्नरकडे जाई. मद्रासचे के. व्ही. रेड्डी विकासमंत्री होते, पण जंगल त्यांच्याकडे नव्हतं. शेती होती, पाटबंधारे नव्हते. मुंबईत जंगल तरी सोपीव होतं.

दादरकर: म्हणजे धूळफेकच. इतकं लिहून तेच सिद्ध केलंत.

हिशेबनीस: दोघंही पैशाची खरी गोम सोडताय. प्रांतांनी केंद्राला किती द्यायचं हे ठरवणाऱ्या मेस्टन निवाड्याने प्रांतांवर ९८३ लाख रुपये बसवले. मद्रासवर ३४८, मुंबईवर फक्त ५६. म्हणून मुंबई सुटली असं समजू नका. प्राप्तिकर केंद्राकडे गेला आणि मुंबईचा पैसा गिरण्या-व्यापारात होता. प्रांताकडे उरला शेतसारा, तो तीस वर्षांसाठी दर ठरवणाऱ्या जमाबंदीने बांधलेला, आणि अबकारी. एकीकडे कौन्सिल दारूबंदी मागणार, दुसरीकडे १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याला पैसा हवा. दुकानं बंद केली की शाळांचा पैसा आटतो.

वऱ्हाडकर: मध्य प्रांताचं नाव कोणी घेणार आहे का? स्वराज्य पक्षाने १९२४ मध्ये मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणला. पगार कौन्सिलच्या हातात होता, तिथेच चावी फिरवली. सोपीव खाती गव्हर्नरला स्वतःकडे घ्यावी लागली.

दादरकर: आणि पुढच्याच वर्षी तुमच्या स्वराज्य पक्षाचे तांबे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले!

वऱ्हाडकर: बसले. त्यावरून पक्ष फुटला, हेही मान्य. पण पेच टाकता येत होता की नाही, ते बोला.

सह्याद्री: मुंबईच्या त्याच कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. बाहुल्यांच्या सभेत हे झालं का?

दादरकर: कागदावर झालं! महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. तीन वर्षं मंत्री काय करत होते?

जुनी दप्तरं: दोर इथेच तुटतो. नगरपालिका स्थानिक स्वराज्य खात्याखाली, म्हणजे मंत्र्याकडे. तळ्यावर मारहाण झाली तर पोलीस आणि मॅजिस्ट्रेट राखीव बाजूचे. मंत्री पत्र लिहिणार, पोलीस पाठवणार नाही. त्याच्या हातात राहिलं अनुदान; न मानणाऱ्या संस्थांचं अनुदान रोखा, हा बोल्यांचा दुसरा ठराव १९२६ चा.

सह्याद्री: थांबा, जातीचं पाप खातेवाटणीवर ढकलू नका. पोलीस मंत्र्याकडे असते तर काय झालं असतं? मतदार म्हणजे शेतसारा, घरपट्टी भरणारे, नगरपालिकेत तेच निवडून येणार. कौन्सिलात मराठा व तत्सम जातींना सात राखीव जागा मिळाल्या. अस्पृश्यांना निवडणुकीची एकही नाही, फक्त नामनियुक्ती. आजही कोणी हे लिहीत नाही, याचाच संताप येतो.

दादरकर: मतदाराचा मुद्दा घेतो. मग तो मताधिकार कोणी आखला? ब्रिटिशांनीच ना?

सह्याद्री: आखला त्यांनी. महाडमध्ये लाठ्या घेऊन कोण आलं होतं?

हिशेबनीस: दोन प्रश्न वेगळे ठेवा. अनुदान रोखायचं तर आधी अनुदान द्यायला पैसा हवा, आणि तो मागायला मंत्र्याला पुन्हा अर्थखात्याकडेच जायचं होतं.