काळं ऑइल संपलेलं नसतं

गाडीचं इंजिन ऑइल काळं झालं की त्यातला दम संपला, मग गटारात टाकलं काय आणि सेंटरिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) प्लेटांना फासलं काय सारखंच, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. अहो मूळ ऑइल फारसं झिजत नाही, खराब होतात ती मुख्यतः त्यातली अॅडिटिव्हज (गुण वाढवायला घातलेली रसायनं) आणि वर काजळी, पाणी, धातूचा बारीक चुरा मिसळतो. री-रिफायनिंगमध्ये, म्हणजे वापरलेलं ऑइल पुन्हा शुद्ध करताना, आधी पाणी आणि इंधन उडवून लावतात, मग व्हॅक्यूममध्ये डिस्टिलेशन (कमी दाबाखाली वाफ करून वेगळं काढणं), शेवटी हायड्रोजनची प्रक्रिया, आणि हातात येतं ते परत बेस ऑइल, म्हणजे ज्यात अॅडिटिव्हज घालून नवं ऑइल बनतं ते मूळ तेल. अमेरिकेच्या ईपीएचा (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा) हिशोब बघा, साधारण 2.4 लिटर वंगण मिळवायला क्रूड (कच्चं खनिज तेल) लागतं 159 लिटर, तेवढंच वंगण वापरलेल्या फक्त 3.8 लिटर ऑइलमधून निघतं! आपण क्रूड बाहेरून आणणारा देश, आपल्याला तर हे केव्हाच कळायला हवं होतं.

आता निदान कायदा आलाय, 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) लागू आहे, म्हणजे ठरावीक टक्के ऑइल रिसायकल करून घेणं त्यांच्यावर बंधनकारक. पण गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडचा डबा भंगारवाल्याकडे आणि तिथून थेट भट्टीत जळायला गेला तर काय उपयोग, त्यातले जड धातू धुरातून आपल्याच छातीत जाणार.

घरी ऑइल बदलत असाल तर झाकणाच्या कॅनमध्ये वेगळं ठेवा, त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल काही म्हणजे काही मिसळू नका, नाहीतर री-रिफायनरवाले ते घेत नाहीत. आणि फिल्टर उलटा करून रात्रभर निथळू द्या, त्यातही बरंच ऑइल अडकलेलं असतं.