‘मी बघत असते’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

प्रश्न :
परवा एका मुलाखतीत मला विचारलं, सध्या तुमच्याकडे कोणतं काम आहे? मी सांगितलं, ‘आय यूज्ड टू हँडल द अकाउंट्स.’ समोरच्या बाईंनी लगेच विचारलं, ‘अँड हू हँडल्स देम नाऊ?’ मला प्रश्नच कळेना. आता म्हणजे काय, आजही मीच बघते! घरी आल्यावर चूक लक्षात आली. पण मनात वाक्य होतं ‘हिशेब मी बघत असते’. त्यातल्या ‘बघत असते’ला इंग्रजीत नेमकं काय आहे? ‘आय हँडल’ फार तोकडं वाटतं.

उत्तर :
तोकडं वाटलं तरी तेच बरोबर. ‘आय हँडल द अकाउंट्स.’

तुमची चूक अगदी समजण्यासारखी आहे. मराठी व्याकरणात साध्या, अपूर्ण आणि पूर्ण वर्तमानकाळाच्या जोडीला रीतिवर्तमानकाळ आहे : मी जात असतो, ती लिहीत असते. सवयीसाठी आपल्याकडे वेगळं रूपच तयार आहे. इंग्रजीत वर्तमानातल्या सवयीसाठी असं वेगळं रूप नाही, साधा वर्तमानकाळच ते काम करतो. भूतकाळात मात्र ‘यूज्ड टू’ आहे, म्हणजे ‘पूर्वी करत असे, आता नाही’. आपण ‘असते’ला जोडी शोधायला जातो आणि ‘यूज्ड टू’ हाती लागतं. अर्थ बरोबर उलटा होतो. म्हणून त्या बाईंना वाटलं, तुम्ही ते काम सोडलंय.

‘आय एम हँडलिंग द अकाउंट्स’ चुकीचं नाही, पण त्यातून ‘सध्यापुरती मी बघतेय’ असा सूर येतो. कुणी रजेवर असेल तर हेच वाक्य चपखल बसेल.

आता ‘ऑल्वेज’, ‘युज्वली’ वगैरे शब्दांकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. ‘तो घरी आहे’ आणि ‘तो घरी असतो’ यांतला फरक मराठीत क्रियापदच सांगतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ही इज ॲट होम’. मग ‘असतो’चा अर्थ आणायचा कुठून? ‘ही इज युज्वली ॲट होम’ म्हणून. आपल्या ‘असतो’चा भार तिथे हे छोटे शब्द उचलतात. म्हणून ते वाक्याची सजावट समजून गाळू नयेत, आणि भरीला म्हणून घालूही नयेत.

दुसरा प्रश्न :
मला ‘इंग’ कुठे लावायचं हेच कळत नाही. ‘आय एम नॉट अंडरस्टँडिंग’ चूक आणि ‘आय एम थिंकिंग’ बरोबर, असं का? शिकवताना क्रियापदांची यादी पाठ करायला लावतात.

उत्तर :
यादी बाजूला ठेवा. आधी वाक्य मराठीत म्हणून पाहा आणि कर्ता ‘मी’ येतो की ‘मला’ ते बघा.

मला वाटतं : आय थिंक. मी विचार करतोय : आय एम थिंकिंग.
मला ऐकू येतंय : आय कॅन हिअर. मी ऐकतोय : आय एम लिसनिंग.
मला दोन भाऊ आहेत : आय हॅव टू ब्रदर्स. मी जेवतोय : आय एम हॅविंग लंच.

शेवटच्या ओळीत दोन्हीकडे ‘हॅव’च आहे, तरी एकीकडे ‘इंग’ चालतं, दुसरीकडे नाही. मला समजतं, मला आवडतं, मला हवंय, मला आठवतं, मला माहीत आहे : या सगळ्यांत माणूस काही करत नाही, त्याला काहीतरी होतं किंवा त्याच्याजवळ असतं. इंग्रजी हाच भेद ‘इंग’ न लावून दाखवतं. हा भेद मराठी माणसाच्या जिभेवर आधीपासून आहे, तो वापरायला कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

कसोटी शंभर टक्के चालत नाही. ‘मी त्याला ओळखतो’मध्ये ‘मी’ आहे, तरी ‘आय नो हिम’च. ‘मला कंटाळा येतोय’मध्ये ‘मला’ आहे, तरी ‘आय एम गेटिंग बोअर्ड’. असे अपवाद तेवढे लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न :
‘युज्वली’ म्हणजे बहुधा ना?

उत्तर :
नाही. ‘बहुधा’ म्हणजे ‘प्रॉबबली’, तो अंदाज झाला. ‘तो बहुधा येईल’ म्हणजे येण्याची शक्यता जास्त. ‘युज्वली’साठी ‘सहसा’ किंवा ‘एरवी’ घ्या. ‘ऑफन’ म्हणजे बऱ्याचदा, ‘ऑकेजनली’ म्हणजे अधूनमधून, ‘रेअरली’ म्हणजे क्वचित.

‘नेव्हर’ आणि ‘हार्डली’ जपून. आपण ‘कधीच येत नाही’ म्हणतो, नकार ‘नाही’मध्ये असतो. इंग्रजीत ‘नेव्हर’मध्ये नकार आलाच, म्हणून ‘ही नेव्हर कम्स’, पुढे ‘डझन्ट’ नको. आणि ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो खूप राबतो, तर ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो काम जवळजवळ करतच नाही. शिफारसपत्रात ही गफलत झाली तर बिचाऱ्याचं नुकसान होईल.

एक जोडी मला फार आवडते. ‘ऑल्वेज’ साध्या वर्तमानकाळात आला की नुसती माहिती : ‘ही ऑल्वेज लॉक्स द डोअर’, तो नेहमी दाराला कुलूप लावतो. ‘इंग’बरोबर आला की बहुतेक वेळा वैताग : ‘ही इज ऑल्वेज लूझिंग हिज कीज’. याचं नेमकं मराठी, ‘तो सारखा किल्ल्या हरवत असतो’. आपला ‘सारखा’ इथे तंतोतंत बसतो.

जागेचं थोडक्यात : ‘इज’, ‘आर’ असेल तर हा शब्द त्याच्यानंतर, दुसरं क्रियापद असेल तर त्याच्या आधी. ‘शी इज ऑफन लेट’, ‘शी ऑफन कम्स लेट’. ‘एव्हरी डे’, ‘ट्वाइस अ वीक’ असे दोन-तीन शब्दांचे गट एरवी वाक्याच्या शेवटी.

पहिल्या प्रश्नकर्त्या :
वाचून उत्तर नव्याने लिहिलंय. तपासाल का? ‘आय हँडल द अकाउंट्स. आय युज्वली क्लोज देम बाय द फिफ्थ ऑफ एव्हरी मंथ. दिस मंथ आय एम ऑल्सो ट्रेनिंग अ न्यू कलीग. आय एम डूइंग दिस वर्क सिन्स सिक्स इयर्स.’

उत्तर :
पहिली तिन्ही वाक्यं उत्तम. ‘आय एम ट्रेनिंग’ अगदी योग्य जागी आलंय, कारण ते या महिन्यापुरतंच आहे.

चौथ्यात ‘पासून’ने दगा दिला. मराठीत ‘सहा वर्षांपासून करतेय’ला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत काम मागे सुरू होऊन आजपर्यंत चालू असेल तर ‘आय हॅव बीन डूइंग’ लागतं. आणि ‘सिन्स’ सुरुवातीच्या क्षणाला लावतात : सिन्स 2019, सिन्स दिस मॉर्निंग. लांबी सांगायची तर ‘फॉर’. ‘गेली सहा वर्षं’ असं मनात म्हणा, ‘फॉर सिक्स इयर्स’ आपोआप येईल. म्हणजे, ‘आय हॅव बीन डूइंग दिस वर्क फॉर सिक्स इयर्स.’

‘युज्वली’बद्दल एकच विचारतो. पाच तारीख कधी चुकते का?

पहिल्या प्रश्नकर्त्या :
सहा वर्षांत एकदाही नाही.

उत्तर :
मग ‘आय ऑल्वेज क्लोज देम’ म्हणा.