मदत हवी आहे: गाडीची बॅटरी बदलू का? आणि साधी घेऊ की ईएफबी (सिग्नलला बंद-चालू होणाऱ्या गाड्यांसाठीची दणकट बॅटरी)? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

पेट्रोल गाडी आहे, सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी. घर गंगापूर रोडला, कामाला सातपूरला स्कूटरनेच जातो. त्यामुळे गाडी निघते ती रविवारी भाजी-किराण्याला, क्वचित त्र्यंबकला. थंडी पडल्यापासून सकाळी सेल्फ मारला की इंजिन कण्हत फिरतं. परवा तर नुसतं टकटक. शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंप घेतला तेव्हा सुरू झाली.

मल्टीमीटरने मोजलं. रात्रभर उभी राहिल्यावर १२.१ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.२. बॅटरीवरचा डोळा (चार्ज दाखवणारी छोटी खिडकी) मात्र हिरवाच! दुकानदार म्हणतो, "बॅटरी गेली. साधी मेंटेनन्स-फ्री टाका, ईएफबीला जास्त पैसे कशाला?" खरंच गेली आहे का? आणि साधी चालेल का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
दादा, घाई करू नका. १४.२ म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) चार्ज करतोय. १२.१ म्हणजे बॅटरी निम्म्याहून जास्त उतरलेली. भरलेली असती तर १२.६ च्या पुढे दिसली असती. पण उतरलेली आणि गेलेली यात फरक आहे. आधी दुकानात रात्रभर सावकाश चार्ज करून घ्या, मग लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरी टिकते का ते बघणं. चार्ज न करता केलेल्या टेस्टवर नवी बॅटरी विकणारे भरपूर आहेत.

हिरव्या डोळ्यावर जाऊ नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कंप्यूटर थोडा करंट खातातच. ५० मिलिअँपिअर धरला तर ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी होते. रविवारची बाजाराची चक्कर तेवढं भरून काढत नाही. नुसतं दारात इंजिन चालू ठेवूनही फारसं भागत नाही. सलग लांब, ओझरपर्यंत जाऊन या. आणि उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं, मग चार्जरही काही करू शकत नाही.

प्रतिसाद २
दोष थंडीला देतात सगळे, पण बॅटरी खाल्लेली असते एप्रिल-मेच्या उन्हाने. थंडीत नुसतं उघडं पडतं.

प्रकाराबद्दल: तुमच्या गाडीत कंपनीने ईएफबी दिली असेल तर ईएफबीच घ्या, एजीएम (ईएफबीहूनही वरचा प्रकार) असेल तर एजीएम. सिग्नलला इंजिन बंद झालं की दिवे, पंखा, म्युझिक सगळं बॅटरीवर, वर पुन्हा स्टार्ट. साधी बॅटरी हा मार फार काळ सोसत नाही. एजीएमच्या जागी खालची टाकणं तर अगदीच नको. घेताना बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा, दुकानात महिनोन्महिने पडलेली नको. जुनी परत दिली की पैसे कमी होतात, ती भंगारवाल्याला देऊ नका.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. कंपनीची ईएफबीच आहे, लेबल पाहिलं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूडही दिसली. ती कशी काढू?

प्रतिसाद १
आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, क्लॅम्प घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन. लावताना निगेटिव्ह शेवटी. जवळ विडी-काडी नको, बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. पूड पुसल्यावर पुन्हा मोजा. लोड टेस्टचा आकडा आला की इथे टाका, मग बदलायची की नाही ते बघू.