कॅरिओकेसाठी आधी माइकचं बघा

घरच्या कार्यक्रमात आधी कॅरिओके, मग डीजे, दोन्हीला एकच डीजे मिक्सर (गाणी आणि माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) पुरेल का, असं एकाने विचारलंय. मी म्हणेन, तो घेऊ नका. डीजे मिक्सरचा जीव क्रॉसफेडरमध्ये (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सरकत्या बटणात) आणि पुढचं गाणं हेडफोनवर आधी ऐकण्याच्या सोयीत असतो. माइकला बहुधा एक, फार तर दोन जागा, आणि फँटम पॉवर (काही माइकना केबलमधूनच लागणारी वीज) सहसा नसते. चौघं मिळून गायला उभे राहिले की झालीच पंचाईत.

त्यापेक्षा यामाहा एमजी10एक्सयूसारखा छोटा लाइव्ह मिक्सर (गायन-वादनाच्या कार्यक्रमांसाठीचा) बघा. 4 माइक जोडता येतात, 24 इफेक्ट (आवाज घुमवणं वगैरे) आहेत, लॅपटॉप यूएसबीने थेट जोडता येतो. इफेक्टचा नॉब फक्त माइकच्या चॅनलवर (त्या जोडणीच्या बटणांच्या रांगेत) उघडायचा, ट्रॅकच्या, म्हणजे गाण्याच्या तयार संगीताच्या, चॅनलवर शून्य! हे बरेच जण विसरतात आणि मग ढोलकीसुद्धा विहिरीतून वाजल्यासारखी ऐकू येते. डीजेच्या वेळी डीजे कंट्रोलरचं (लॅपटॉपवरची गाणी हाताळायच्या यंत्राचं) मास्टर आउट, म्हणजे त्यातून बाहेर येणारा मुख्य आवाज, या मिक्सरच्या एका स्टिरिओ (डावा-उजवा असा जोडीचा) चॅनलला द्यायचं.

ट्रॅक ब्लूटूथवरून मात्र नको. आवाज मागे राहतो आणि पडद्यावरचे शब्द पुढे पळतात. साधी केबल लावा.